‘से’ आणि ‘टेल’ : ‘म्हणणे’ व ‘सांगणे’ यांच्या आधारे एक तुलना

बुलढाणा जिल्ह्यात इंग्रजी शिकविणाऱ्या कोणत्याही शिक्षकास दोन चुका चांगल्या परिचयाच्या असतात. ‘तो मला म्हणाला’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘ही सेड मी’ असे करतो आणि ‘त्याने सांगितले की’ याचे ‘ही टोल्ड दॅट’ असे करतो. पहिल्या वाक्यात ‘मी’च्या आधी ‘टू’ हवा असतो. दुसऱ्यात कोणाला सांगितले त्याचा उल्लेख हवा असतो. शिक्षक चूक दुरुस्त करतात, नियम पाठ करून घेतात, आणि पुढील परीक्षेत तीच चूक पुन्हा समोर येते. यात विद्यार्थ्याच्या बुद्धीला दोष देणे योग्य होणार नाही. त्याच्या शब्दार्थांच्या वहीत ‘से’ या शब्दापुढे ‘म्हणणे, सांगणे, बोलणे’ असे लिहिलेले असते आणि ‘टेल’पुढेही ‘सांगणे’ हाच शब्द असतो. ज्या दोन शब्दांचा अर्थ एकच म्हणून शिकविला, त्यांचा उपयोग त्याने वेगवेगळा करावा ही अपेक्षा मुळातच अन्यायाची आहे.

वास्तविक या दोन इंग्रजी क्रियापदांतील भेद मराठी मुलाला नवा नाही. ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ यांत तो भेद पुष्कळसा तसाच आहे, आणि वऱ्हाडी बोलणारे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच तो बिनचूक पाळत असते. हे साम्य कोठवर जाते आणि कोठे तुटते, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शब्द आणि वार्ता

खामगावच्या बाजारात कापूस नेलेला शेतकरी सायंकाळी घरी परततो. घरची माणसे विचारतात, ‘अडत्या काय म्हणाला?’ किंवा विचारतात, ‘अडत्याने काय भाव सांगितला?’ पहिल्या प्रश्नाचा रोख अडत्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांवर आहे. तो कुरकुरला असेल, हसला असेल, ‘माल ओला आहे’ असे पुटपुटला असेल. ते सर्व या प्रश्नाच्या उत्तरात येऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाचा रोख त्या शब्दांतून शेतकऱ्याच्या पदरात पडलेल्या माहितीवर आहे. म्हणूनच ‘भाव सांगितला’ असे आपण बोलतो. ‘भाव म्हणाला’ असे कोणी बोलत नाही.

यावरून एक सूत्र बांधता येते. ‘म्हणणे’ या क्रियेत शब्दांचा उच्चार मुख्य असतो. ‘सांगणे’ या क्रियेत ऐकणाऱ्यापर्यंत वार्ता पोहोचणे मुख्य असते. मूल पाढे म्हणते, आजी हरिपाठ म्हणते, शेगावच्या वाटेवर वारकरी अभंग म्हणतात. या ठिकाणी ऐकणारा कोणी नसला तरी क्रिया पुरी होते. याउलट नाव, पत्ता, गोष्ट, निरोप, भविष्य ही सांगावयाची असतात. ऐकणारा नसेल तर सांगणे घडलेच नाही. इंग्रजीतही प्रार्थना ‘से’ करतात आणि गोष्ट, नाव, भविष्य ‘टेल’ करतात. लिखित मजकुरासंबंधीही हाच प्रकार आहे. ‘पत्रात असे म्हटले आहे’ या ठिकाणी इंग्रजी ‘से’ वापरते. लोकांच्या तोंडी रुळलेल्या वचनाला आपण ‘म्हण’ म्हणतो आणि इंग्रजी त्याला ‘सेइंग’ म्हणते; दोन्ही भाषांनी हे नाम एकाच जातीच्या क्रियापदावरून घडविले, ही गोष्ट विद्यार्थ्यांस आवर्जून दाखविण्यासारखी आहे.

२. व्याकरणातील साक्ष

हा भेद केवळ अर्थाचा नाही. मराठीच्या प्रयोगव्यवस्थेतही तो उमटलेला आहे. भूतकाळात आपण ‘तो म्हणाला’ असे कर्तरी प्रयोगाने बोलतो, पण ‘त्याने सांगितले’ असा प्रयोग बदलतो. म्हणजे ‘म्हणाला’ हे रूप बोलणाऱ्यापाशीच थांबते, तर ‘सांगितले’ हे रूप सांगितलेल्या वस्तूकडे वळते. ‘तिने गाणे म्हटले’, ‘त्याने श्लोक म्हटला’ अशीही रूपे आहेत. परंतु तेथे म्हटलेली वस्तू कर्म म्हणून समोर उभी असते, आणि तेवढ्यामुळेच क्रियापदाचे रूप पालटते.

इंग्रजी क्रियापदांचे वर्तन याच्याशी ताडून पाहावे. ‘से’च्या मागोमाग बोललेले शब्द येतात; ज्याच्याशी बोलणे झाले त्या व्यक्तीला आत येण्यासाठी ‘टू’चे दार लागते. ‘टेल’च्या मागोमाग मात्र सामान्यतः व्यक्तीच येते, कारण वार्ता कोणाला पोहोचली हे कळल्याखेरीज त्या क्रियेला पूर्तता नाही. हाच स्वभाव आज्ञेच्या वाक्यांतही दिसतो. ‘मास्तरांनी मला थांबायला सांगितले’ यात ‘टेल’ योग्य. ‘मास्तर म्हणाले, थांब’ यात ‘से’ योग्य. घाटाखालचा मुलगा ‘त्यानं मले थांबाले सांगतलं’ असे बोलतो तेव्हा तो ‘टेल’चीच रचना वापरीत असतो. त्याला ती नव्याने शिकवावयाची नसून केवळ ओळखून दाखवावयाची असते.

३. चुकीचे मूळ

भेद इतका स्पष्ट असता ‘ही सेड मी’ ही चूक का व्हावी? तिचे मूळ ‘ला’ या प्रत्ययात आहे. मराठीत ‘मला सांगितले’ आणि ‘मला म्हणाला’ या दोन्ही ठिकाणी तोच प्रत्यय लागतो, वऱ्हाडीत दोन्ही ठिकाणी ‘मले’ येते. साहजिकच विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रचना योजतो. परंतु मराठीतील हे दोन ‘ला’ एका मोलाचे नाहीत. ‘तो मला चोर म्हणाला’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : ‘चोर’ हा शब्द त्याने मला उद्देशून उच्चारला, किंवा मला चोर ठरविले. ‘त्याने मला सांगितले’ या वाक्यात असा संशय राहत नाही. ‘म्हणणे’ला जोडून येणारी व्यक्ती किती सैल जोडलेली आहे, हे यावरून कळते. इंग्रजी या दोन अर्थांसाठी दोन मार्ग घेते : एकासाठी ‘से टू’, दुसऱ्यासाठी ‘कॉल’ हे निराळेच क्रियापद.

साम्य जेथे तुटते ती आणखी दोन स्थळे सांगितली पाहिजेत. आपण खरे किंवा खोटे ‘बोलतो’. इंग्रजीत सत्य आणि असत्य दोन्ही ‘टेल’ करतात. तसेच परीक्षेतील ‘फरक सांगा’ या आज्ञेत फरक शब्दांत मांडणे अपेक्षित असते, परंतु इंग्रजीत ‘फरक टेल करणे’ याचा अर्थ बहुधा तो नुसता ओळखणे असा असतो. याचे कारण शब्दाच्या इतिहासात आहे. ‘टेल’चा जुना अर्थ मोजणे, गणना करणे असा होता; त्याचा जर्मन सगोत्र शब्द आजही मोजणे याच अर्थी चालतो, आणि बँकेत पैसे मोजून देणाऱ्यास इंग्रजीत ‘टेलर’ म्हणतात तेही याच नात्याने. एकेक वस्तू वेगळी करून मोजणे, यातून ओळखणे आणि क्रमाने कथन करणे असे दोन्ही अर्थ निघाले. ‘म्हणणे’ मात्र संस्कृत ‘भण्’ धातूपासून प्राकृताच्या द्वारे आले आहे आणि प्रथमपासून उच्चाराशीच निगडित आहे.

४. ‘म्हणे’ हा अव्ययवत् प्रयोग

या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग एका लहानशा शब्दाचा आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्या भाकिताच्या खरेखोटेपणाचा विचार येथे कर्तव्य नाही. ते पसरते कसे, ते पाहावयाचे आहे. शेतात प्रत्यक्ष उपस्थित असलेला मनुष्य गावी येऊन ‘त्यांनी असे सांगितले’ असे बोलतो. त्याच्याकडून ऐकलेला दुसरा मनुष्य बोलतो, ‘यंदा पानी लय येनार म्हने.’ या एका ‘म्हने’ने वक्ता आपली जबाबदारी काढून घेतो : हे मी पाहिले नाही, ऐकले आहे.

इंग्रजीत हे कार्य ‘से’ करू शकते. ‘ही इज सेड टू वर्क देअर’ याचा अर्थ ‘तो तेथे काम करतो म्हणे’. ‘ही इज टोल्ड टू वर्क देअर’ याचा अर्थ ‘त्याला तेथे काम करायला सांगतात’. एक क्रियापद बदलताच पहिल्या वाक्यातील अफवा दुसऱ्यात आज्ञा होते.

येथे प्रश्न गुणांपुरता राहत नाही. खालच्या न्यायालयात मराठीत नोंदलेली साक्ष पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेल्यास तिचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. साक्षीदार बोलतो, ‘तो रातीच गेलता म्हने.’ भाषांतरकाराने ‘म्हने’ हा पादपूरक समजून गाळला, तर ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली ठरते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, हे तत्त्व 1872 च्या पुरावा अधिनियमात होते आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. ज्या शब्दावर हे तत्त्व लागू होणे न होणे अवलंबून, तो शब्द दोन अक्षरांचा आहे. तसेच ‘तो मला म्हणाला’ याचे ‘टोल्ड मी’ केले, तर शब्दांची साक्ष वार्तेची साक्ष होते. बोलणाऱ्याचे नेमके शब्द कोणते, हा प्रश्नच मग पुसला जातो.

५. उपसंहार

यावरून अध्यापनासाठी तीन सूचना निघतात. पहिली, ‘से’साठी वहीत ‘म्हणणे’ आणि ‘टेल’साठी ‘सांगणे’ एवढेच प्रथम लिहून द्यावे. अपवाद मागाहून द्यावेत. दुसरी, वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे : येथे शब्द मुख्य आहेत की पोहोचलेली वार्ता? तिसरी, वाक्यात ‘म्हणे’ असेल तर त्याचे भाषांतर झालेच पाहिजे, हा नियम शालेय वयापासून अंगवळणी पाडावा.

यापलीकडे एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. वर्गात वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलास पुष्कळदा असे भासविले जाते की, त्याची बोली हा इंग्रजीच्या, किंबहुना प्रमाण मराठीच्याही, मार्गातील अडथळा आहे. प्रस्तुत उदाहरणात वस्तुस्थिती उलट आहे. पाहिलेले आणि ऐकलेले, शब्द आणि वार्ता, यांतील सूक्ष्म भेद त्याची बोली नित्य सांभाळीत असते. घाटावरच्या चिखली-मेहकरकडील आणि घाटाखालच्या मलकापूर-शेगावकडील बोलींतून ‘म्हने’ आणि ‘सांगतलं’ यांचे प्रयोग शिक्षकांनी टिपून ठेवले, तर इंग्रजीच्या अध्यापनास त्यांचा उपयोग होईलच. शिवाय बोलीच्या अभ्यासासही ते एक विश्वसनीय साधन होईल.