चुंबकाला भुलणारी काजळी

कार्बन नॅनोट्यूबच्या ताज्या, न धुतलेल्या भुकटीजवळ चुंबक नेला की काळे कण त्याच्याकडे धावतात. श्रेय मात्र लोखंडाचं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ‘हिपको’ पद्धतीत लोहाचे सूक्ष्म कण उत्प्रेरक असतात आणि ते मालातच अडकून राहतात. ते काढायला नुसतं आम्ल ओतून भागत नाही. कणांवर कार्बनचं कवच चढलेलं असतं. म्हणून आधी भुकटी दमट हवेत सुमारे २२५ अंश सेल्सिअसला भाजतात. लोहाचं ऑक्साइड होऊन ते फुगतं, कवच तडकतं, मग हायड्रोक्लोरिक आम्ल आत शिरतं. भाजणं जास्त झालं तर नळ्याच जळायच्या! एवढा खटाटोप केल्यावर कुठे नळ्यांचा स्वतःचा, अगदी क्षीण चुंबकीय स्वभाव मोजता येतो: क्षेत्र लांबीच्या दिशेने असेल तर धातूसारख्या नळ्या अनुचुंबकीय, अर्धवाहक नळ्या प्रतिचुंबकीय.