सव्वीस इंची म्हातारी, घोलवडची सवारी

आमच्या सायकलीचं वय कुणी विचारलं की मी फ्रेमवरच्या स्टिकरकडे बोट दाखवतो. स्टिकर केव्हाच उडालाय, त्यामुळे वयही झाकलं जातं. नव्वदच्या दशकातली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, तीन वेळा रंगवलेली, घोलवड-बोर्डीच्या खाऱ्या वाऱ्यात जवळजवळ तीस पावसाळे काढलेली. दर दिवाळीच्या साफसफाईत घरात ठराव येतो: "आता तरी ही भंगारात द्या." ठराव हाणून पाडायला दरवर्षी नवा मालमसाला लागतो. यंदाचा हा.

जन्मच मुळी भंगारातला

माउंटन बाइक कुठल्या कारखान्यात जन्मली नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीत माउंट टॅम नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथल्या पोरांनी तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या श्विन कंपनीच्या सायकली कुठून कुठून जमवल्या आणि त्या घेऊन मातीच्या रस्त्यांवरून खाली सुटायला लागली. या सायकलींना ती 'क्लंकर' म्हणत. आपल्या भाषेत खटारा.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आणि उतार चारशे मीटरचा. ब्रेक मागच्या हबच्या पोटात, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब एवढं तापायचं की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं. मग हब खोलून ग्रीस पुन्हा भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. उताराला तेच नाव पडलं: रीपॅक. हा उतार आपल्याकडे असता तर त्याचं नाव निःसंशय 'ओव्हरऑइलिंग' पडलं असतं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण सायकलच्या दुकानात शेवटी तेलच घालतात, तेव्हा आपला शब्द जास्त बरोबर आहे असं माझं मत.

पहिली शर्यत ॲलन बॉंड्सने जिंकली. कारण? न पडता खाली पोचलेला तो एकटाच. पुढे गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत मारला, तो विक्रम. १९७७ मध्ये जो ब्रीझने याच कामासाठी पहिली नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाचं दुकान थाटलं. नावाची नोंदणी करायचा त्यांचा प्रयत्न फसला, म्हणून ते नाव आज सगळ्या जगाचं आहे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजंपर' आली, साडेसातशे डॉलरला, जपानात बनवलेली. तिथून मोठा धंदा सुरू झाला.

म्हणजे पहिली माउंटन बाइक चालली तेव्हाच ती माझ्या आजच्या सायकलीपेक्षा म्हातारी होती. ठराव क्रमांक एक नामंजूर.

काढलं तिकडे, बसवलं इकडे

मरिनच्या पोरांनी सायकल हलकी करायला मडगार्ड काढले, स्टँड काढला, जे जे निघेल ते काढलं. आपल्याकडे नवी एमटीबी दुकानातून बाहेर पडायच्या आधी गिऱ्हाईक काय बसवून घेतं? मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, घंटी, साखळीचं कुलूप. चिकूची पेटी कॅरिअरशिवाय ठेवणार कशावर? २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी आणि त्यानंतरही वाडीतून रस्त्यापर्यंतचा त्याचा बराच प्रवास कॅरिअरवरूनच झाला, हे त्या प्रमाणपत्रात लिहीत नाहीत.

आणि नाव? लुधियानाच्या हीरोची 'रेंजर' एवढी खपली की जाड टायरची कुठलीही सायकल म्हणजे रेंजर झाली. हर्क्युलिसवाले सांगून दमले असतील, पण गावात उत्तर एकच: "ती हर्क्युलिसची रेंजर ना?"

सव्वीस म्हणजे किती?

इथे जरा थांबू, कारण यात माझे पैसे गेलेत.

पूर्वी "चोवीस इंची सायकल" म्हटलं की फ्रेमचं माप असायचं. बावीस इंची, चोवीस इंची. पाय पुरला नाही तर दांडीखालून हाफ पायडल. एमटीबी आली आणि "सव्वीस इंची" म्हणजे चाकाचं माप झालं. इतपत ठीक. पण सव्वीस इंचही एक नाही! एमटीबीच्या २६ बाय १.९५ टायरची रिम ५५९ मिलिमीटरची. साध्या सायकलीच्या २६ बाय १ ३/८ टायरची रिम ५९० मिलिमीटरची. दोन्हींवर छापलेलं असतं २६. मी एकदा घाईत दुसरा घेऊन आलो आणि अर्धा तास तो चढवायचा प्रयत्न करत बसलो. टायर नुसता झब्ब्यासारखा लोंबत होता. आमच्या सायकल दुकानातले मिस्त्रीकाका शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, हे माप तिच्या थोरल्या बहिणीचं."

याहून गंमत पुढे आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कंपन्यांनी २६ इंच मोडीत काढून २७.५ आणि २९ इंची चाकं आणली. मोठं चाक, नवं युग वगैरे. यातलं २७.५ म्हणजे फ्रान्समधलं जुनं '६५०बी' माप, रिम ५८४. आणि २९ची रिम फक्त ६२२ मिलिमीटर. आता आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं २८ इंची चाक मोजा: रिम ६३५. लाखाच्या नव्या सायकलीची रिम दूधवाल्याच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरने लहान! टायर जाड म्हणून बाहेरून मोठी दिसते, एवढंच.

एक पायडल, पाच मीटर

माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा पूर्ण फिरवलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. डहाणू ते बोर्डी किनाऱ्याकिनाऱ्याने १७ किलोमीटर. म्हणजे ३४०० फेरे. सुरूच्या सावलीत मोजायला सुरुवात करा. नरपडपर्यंत आकडा चुकलेला असतो.

डावं पायडल उलटं

उजव्या पायडलचा आटा नेहमीसारखा, डाव्याचा उलटा. नाहीतर पाय मारता मारता डावं पायडल आपोआप सुटून येतं. ही युक्ती लोकांपर्यंत नेणाऱ्या सायकलवाल्यांत अमेरिकेतले दोन भाऊ होते. १९०० साली ते 'न सुटणारं पायडल' म्हणून जाहिरात करत होते. पुढे सायकलींचं काम चालू असतानाच त्यांनी १९०३ मध्ये विमान उडवलं. राइट बंधू.

दुकानात नवशिक्या पोराची परीक्षा अजून यावरच होते. पान्ह्यावर सगळं अंग टाकून तो डावं पायडल आणखी घट्ट करत बसतो.

खारा वारा, गोडं पाणी

बोर्डीला ओहोटीच्या वेळी समुद्र लांब मागे जातो आणि ओली वाळू पोलिसाच्या टोपीसारखी कडक होते. जाड टायरमधली थोडी हवा सोडा आणि झाईच्या दिशेने सुटा. गुजरातची हद्द येईपर्यंत अडवणारं कुणी नाही. या सुखाची किंमत घरी येऊन मोजावी लागते: गोड्या पाण्याच्या दोन बादल्या, मग फडकं, मग तेल.

लोखंडी फ्रेमचा गंज बाहेरून दिसतो तो वरवरचा. खरा चोर आत असतो. सीटच्या नळीतून पावसाचं पाणी उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये जमतं. छर्रे तिथे मुकाट्याने लाल होतात. म्हणून पावसाळ्यानंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरायची. एकदा माझ्या सायकलीतून अर्धा कप पाणी आणि एक मेलेला मुंगळा निघाला. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम पोलादी असेल तर आणखी वाईट: खारट ओलाव्यात दोन धातूंचं असं काही जुळतं की पुढे करवतीशिवाय सुटका नाही. उपाय स्वस्त आहे. वर्षातून एकदा पोस्ट बाहेर काढा, ग्रीस लावा, परत घाला.

आणि चेनला खोबरेल नको. आमच्याकडे हा प्रयोग घरोघरी झालाय. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मे महिन्यात झकास चालतं. डिसेंबरात पहाटे चेन हात लावून बघा, डोक्याला लावायला काढलेल्या वाटीसारखी.

पट्टीने मोजायची चेन

जवळपास शंभर वर्षं सायकलीच्या चेनमध्ये एका पिनीपासून दुसऱ्या पिनीपर्यंतचं अंतर अर्धा इंच आहे. गिअर वाढले, चेन पातळ झाली, पण अर्धा इंच हललेला नाही. म्हणून पोरांच्या दप्तरातली फूटपट्टी पुरते. पट्टीचं शून्य एका पिनीच्या मध्यावर धरा. तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर बाराव्या इंचावर आली, तर चेन तरुण. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली, तर बदला. आठवा भाग पुढे गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले गेलेत असं समजा. नवी चेन टाकली तरी ती उड्या मारणार.

माझी पट्टीवर कुठे येते ते मी घरात सांगत नाही.

दोन गोल, दोन त्रिकोण

वारली चित्राची सगळी लिपी गोल, त्रिकोण आणि चौकोन यांवर चालते. गोल सूर्य-चंद्राचा, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा. आता सायकल बघा: दोन गोल आणि मधल्या फ्रेमचे दोन त्रिकोण. वारली भिंतीवर यायला तिला काही बदलावंच लागलं नाही. आजच्या वारली चित्रांत तारपा, नाच, ताडाची झाडं यांच्या शेजारून सायकलवाला निवांत जाताना दिसतो. ही कला कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गिअर नसले तर बिघडत नाहीत

हे वाक्य मिस्त्रीकाकांचं. गिअर असतीलच तर जुने बरे, असंही त्यांचं म्हणणं. जुन्या एमटीबीला हँडलवर अंगठ्याने ढकलायची दांडी असायची, क्लिक नाही, आकडे नाहीत. रेडिओचं स्टेशन लावावं तसा कानाने गिअर लावायचा. त्यामुळे मागे पाच चकत्या असोत की सात, दांडी तीच चालते. नव्या क्लिकवाल्याला सगळं जुळलेलं लागतं.

सीटशिवाय पदक

१९९६ मध्ये अटलांटात माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा सव्वीस इंचांचं राज्य होतं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत पहिल्या तिघांतला एकही सव्वीसवर नव्हता. पण माझा लाडका आहे तिसरा, इटलीचा मार्को फोंताना. शेवटच्या फेरीत त्याची सीट तुटून पडली. गडी उरलेलं अंतर उभ्याने मारून कांस्यपदक घेऊन गेला. माझी सीट हलते अशी तक्रार मी त्या दिवसापासून बंद केली.

तेवीस सालचे दांडगट

आमच्या पूर्वेला बारडाचा डोंगर, त्यावर बहरोटची लेणी. संजाणची वस्ती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी या गुहांत बारा वर्षं लपवला, असं त्यांची परंपरा सांगते. पायथ्यापर्यंत सायकल, पुढे आपले पाय. तिथे दम खात बसलं की मला दुसरे पारशी आठवतात.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतल्या एका वजन उचलणाऱ्यांच्या क्लबातले सहा तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. साडेचार वर्षं, सुमारे ७१,००० किलोमीटर. बलुचिस्तान, इराण, सिनाईचं वाळवंट. गिअर नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत, 'माउंटन बाइक' हा शब्द जन्मायला अजून पन्नास वर्षं. नव्या सायकलीवाचून माझं अडतंय असं मला कधी वाटलंच, तर मी सिनाई आठवतो आणि बोर्डीला जाऊन येतो.

काही गेलं, काही ठेवलंय

३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. २०२० मध्ये नेमक्या त्याच दिवशी 'ॲटलस'च्या साहिबाबाद कारखान्याचं काम थांबलं. १९५१ पासूनची कंपनी. योगायोग असाही असतो.

जुन्या सायकली एका छताखाली बघायच्या तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटवाल्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. मी तिच्यासमोर इतका वेळ उभा होतो की सौ. बाहेर जाऊन चहा पिऊन आली.

खांब

एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी हेल्मेटवाली मंडळी किनाऱ्यावर जास्त दिसायला लागली. एकाने माझ्या सायकलीकडे आदराने बघत विचारलं, "व्हिंटेज आहे का?" मिस्त्रीकाका परस्पर म्हणाले, "नाही, वापरातली आहे."

गेल्या थंडीत घोलवड स्टेशनबाहेर मी सायकल लावली आणि वापीला गेलो. कुलूप लावायची सवय कधीच सुटलीय. तीस वर्षांत हिला कुणी हात लावलेला नाही. संध्याकाळी परत आलो तर सायकल जागेवर, पण हलेना. कुणीतरी आपली नवी कोरी, डिस्क ब्रेकवाली सायकल जाड केबलने माझ्या फ्रेमला बांधून ठेवली होती. नवी, म्हणून तिला कुलूप. जुनी, म्हणून माझी खांब. पुढच्या गाडीला तो नव्या सायकलीचा मालक उतरेपर्यंत मी पाऊण तास फलाटाच्या पायरीवर, बिनसायकलीचा, शेंगदाणे खात बसलो होतो.