कान दुखतोय? जबडाही तपासून घ्या

कानात दोष नाही, दाढ किडलेली नाही, तरी गाल आणि कानशील दुखतं? मग कानाच्या अगदी पुढचा जबड्याचा सांधा तपासा. तोंड उघडताना कटकट आवाज, सकाळी जबडा आखडणं, चावताना कळ येणं ही त्याच्या दुखण्याची लक्षणं.

१९३४ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी या दुखण्याचा संबंध दातांच्या ठेवणीशी जोडला. पुढच्या संशोधनातून मात्र दिसलं, की वाकडे दात हे एकटं कारण क्वचितच असतं. झोपेत दात खाणं, मानसिक ताण, जबड्याला बसलेला मार, सांध्याची झीज हेही बघावं लागतं. म्हणून घाईने दात काढून किंवा ठेवण सुधारण्यासाठी घासून घेऊ नका.

घरी काय कराल? दातांनी ऊस सोलणं, सुपारी, फुटाणे काही दिवस बंद. भाकरी वरणात कुस्करून खा, गालाला कोमट शेक द्या. गरज असेल तर डॉक्टर रात्री दातांवर लावायची प्लेट देतात.

तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नाहीत आणि गुटख्याची सवय आहे? मग दोष सांध्याचा नसून तोंडाचं अस्तर आखडत असू शकतं. त्यातून कर्करोगाचा धोका असतो.

परभणीच्या आसपास राहत असाल, तर तिथे सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. दुखणं अंगावर काढू नका, दाखवून या.