नगरचा रविवार

अम्मी गेल्यापासून अब्बांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, घर आणि मशीद यापलीकडे कुठे जाणं नव्हतं. ईदलासुद्धा ते बहिणीकडे गेले नाहीत. त्यामुळे शनिवारी रात्री मुलांनी ‘उद्या नगरला चला’ असा हट्ट धरला, तेव्हा ते हो म्हणतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “किल्ला बघणार असाल तर येतो.”

फज्र झाली आणि पुण्याहून निघालो. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, साधारण १२० किलोमीटर. डब्यात शामी कबाब आणि रोट्या, थर्मासमध्ये चहा. वाघोलीच्या गर्दीतच एवढा वेळ गेला की शिरूर येण्याआधी अर्धे कबाब संपले.

पहिला थांबा दमडी मशीद. १५६७ सालची. लहानशीच आहे, पण दगडावरचं कोरीवकाम असं की त्यावरून बोट फिरवावंसं वाटतं. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं सांगतात. धाकटीला दमडी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. “पैशाहूनही लहान नाणं,” अब्बा म्हणाले. “मग ते मोबाइलवरून कसं पाठवायचे?” तिनं विचारलं. कित्येक महिन्यांनी अब्बांना हसताना पाहिलं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. जाणार असाल तर ओळखपत्र विसरू नका. १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावानंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इथेच कैदेत ठेवलं होतं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं, हे मुलांना शाळेत शिकवलेलं. आझादांच्या ‘गुबारे खातिर’चं नाव मात्र त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. अब्बांनी आयुष्यभर उर्दू शिकवलेलं. त्या खोल्यांसमोर उभे राहून ते सांगू लागले. मित्राच्या नावे लिहिलेली, पण कैदेत असल्यामुळे टपालात न पडलेली ती पत्रं. त्यांत पहाटेच्या बिनदुधाच्या चहाचं कौतुक आहे, आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेलं भांडण, मग जमलेली दोस्तीही आहे. मुलं लगेच माना वर करून चिमण्या शोधू लागली.

मग अब्बांचा आवाज खाली आला. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपण वाढल्याच्या बातम्या इथे पोचत होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर करा, असं त्यांना सुचवलंही गेलं. त्यांनी केली नाही. १९४५ मध्ये सुटून कलकत्त्याला पोचल्यावर त्यांनी घरी जाण्याआधी गाडी कब्रस्तानाकडे वळवायला लावली. स्वागताच्या हारांतला एक हार कबरीवर ठेवला, फातिहा पढली.

अम्मींना रात्री दवाखान्यात हलवलं, तेव्हा अब्बा जमिनीच्या कामासाठी गावी गेले होते. सकाळी पोचले ते मय्यतीलाच. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते. तिथेही बोलले नाहीत. ह्यांनी फक्त त्यांचा हात धरला.

दुपारनंतर शाह डोंगरावर गेलो. सगळे त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. मोठ्यानं वाटेभर मोगलांशी झुंजणाऱ्या चांदबिबीच्या गोष्टी ऐकवल्या, आणि वर गेल्यावर कळलं, हा महालच नाही! निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ही तीन मजली, अष्टकोनी कबर. पोरगा चांगलाच खट्टू झाला. मला मात्र त्या वजिराची दया आली. एवढी इमारत बांधून लोकांच्या तोंडी नाव राहिलं दुसरीचंच.

वारा भन्नाट होता. अस्रची नमाज अब्बांनी तिथेच कडेला चादर अंथरून पढली. थर्मासमधला उरलेला चहा कोमट झाला होता, तरी पूर्ण कप घेतला.

परतताना मुलं झोपली. मला वाटलं, अब्बाही झोपलेत. शिरूर मागे पडलं तेव्हा ते ह्यांना म्हणाले, “उद्या फज्रनंतर गाडी काढशील? तुझ्या अम्मीकडे जाऊन येऊ. चाळिसाव्यानंतर गेलोच नाही.”