नस बंद होते, हार्मोन नाही

देवळी तालुक्यातली शेती कापूस, तूर, सोयाबीनची; सगळी अंगमेहनतीची. म्हणून दोन लेकरांनंतर ऑपरेशनचा विषय निघाला, की घरात एकच प्रश्न येतो: माणसानं नसबंदी केली तर फवारणीचा पंप पाठीवर पेलवेल का? या भीतीला हसू नये. गोऱ्हा खच्ची केला की त्याचा बैल होतो, हे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेलं आहे.

पण ती क्रियाच वेगळी. खच्चीकरणात वृषणाचा रक्तपुरवठा तोडतात, त्यामुळे वृषणच निकामी होतं. नसबंदीत वृषणाला हात लागत नाही. शुक्राणू नेणारी शुक्रवाहिनी तेवढी बंद करतात. दाढी-मिशा, स्नायू, कामेच्छा हे सारं ज्यावर चालतं ते टेस्टोस्टेरॉन त्या वाहिनीतून जातच नाही, ते थेट रक्तात उतरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच हे हार्मोन सोडते, त्याच्या सांगण्यावरून वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतं, आणि रक्तात ते पुरेसं झालं की मेंदू एलएच आवरतो. नसबंदीनंतरही हे असंच चालू राहतं.

१८४९ मध्ये जर्मनीत आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांची वृषणं काढून पोटात दुसरीकडेच बसवली. जुना एकही जोड उरला नव्हता, तरी तुरे वाढले, आरवणं टिकलं. पुढच्या संशोधनानं कारण स्पष्ट केलं: हार्मोन रक्तातून पोहोचतं.

वीर्य राखलं की ताकद वाढते, ही समजूतही जुनीच. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर त्याबद्दल बोलायला वर्ध्यात गांधीजींना भेटल्या. वीर्य राखण्याच्या या समजुतीवर गांधीजींचाही विश्वास होता. प्रत्यक्षात वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, म्हणून नसबंदीनंतर वीर्य आटत नाही.

बाईचंही तसंच. गर्भनलिका बांधल्या तरी अंडाशय इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन बनवत राहतात, पाळीही येत राहते. पण तिच्या ऑपरेशनला पोटात शिरावं लागतं. पुरुषाचं काम बिनटाक्याचं, काही मिनिटांचं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के. हा भार एकट्या बाईवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

नसबंदीनंतर आठवडाभर जड उचलू नये. वाहिनीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यावी.