मनोऱ्यावांचून निरोप

निरोप धाडणें ही माणसाची फार जुनी गरज आहे. कालिदासाच्या यक्षानें आषाढांतील मेघाला दूत केलें. आमच्या कृष्णाकांठीं मात्र तोच मेघ अनावर बरसला म्हणजे आधीं निरोप तुटतात. ज्यांचीं घरें सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आहेत त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचा अंत झाला. पुढें २०२१ च्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरीं २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाटण तालुक्यांत आंबेघर, मीरगांव व ढोकावळे येथें दरडी घरांवर आल्या. अशा वेळीं ‘आम्ही अमुक ठिकाणीं इतकीं माणसें आहोंत, एक आजारी आहे,’ एवढा एका ओळीचा निरोप वेळेवर पोहोंचला तर प्राण वांचतात. आणि नेमका त्याच वेळीं खिशांतील फोन मुका होतो.

तो मुका कां होतो, हें समजून घेतलें पाहिजे. एकाच वाड्यांत माडीवर एक भाऊ व ओटीवर दुसरा भाऊ बसला असला, तरी त्यांच्या फोनचें बोलणें सरळ एकमेकांशीं होत नाहीं. तें आधीं गांवाबाहेरील मनोऱ्याकडे जातें व तेथून फिरून येतें. मनोऱ्याला वीज हवी. वीज गेली कीं त्याची बॅटरी कांहीं तास पुरते. मग जनित्राला डिझेल लागतें, आणि डिझेल आणावयाचा रस्ताच पाण्याखालीं असतो. सारांश, दोन्ही फोन धडधाकट असून मधला दुवा निखळल्यामुळें दोघेही निरुपाय होतात.

या मधल्या दुव्यावांचून चालणारी युक्ति आतां उपलब्ध आहे. फोनमध्यें ‘ब्लूटूथ’ नांवाची अल्प पल्ल्याची बिनतारी सोय असते. तिच्या योगानें एक फोन जवळच्या दुसऱ्या फोनशीं परस्पर बोलतो. पल्ला थोडका, कांहीं दशक मीटरांचा. भिंती आड आल्या तर त्याहूनही कमी. परंतु पहिल्यानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास असा निरोप पुढें ढकलला, तर एका आळींतून दुसऱ्या आळींत तो सहज जातो. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनीं जुलै २०२५ मध्यें पुढें आणलेला ‘बिटचॅट’ याच तत्त्वावर चालतो. त्यांत निरोप सात टप्प्यांपर्यंत पुढें दिला जातो. हाँगकाँगच्या निदर्शकांनीं २०१४ सालीं ‘फायरचॅट’ याच कारणासाठीं वापरला होता.

हें तत्त्व आमच्या भागाला नवें नाहीं. १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार ज्या मुलखांत चाललें, तो त्या वेळचा सातारा जिल्हा. त्यांतलाच तासगांवकडील भाग १९४९ सालीं दक्षिण साताऱ्यांत गेला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाऊं लागला. टपाल, तार व टेलिफोन इंग्रज सरकारच्या हातीं होते. प्रतिसरकारच्या हातीं केवळ माणसें होतीं. नानांची कन्या हौसाताई यांच्यासारख्या स्त्रियांनीं गुप्त बातमी व निरोप पोहोंचविण्याचीं जोखमीचीं कामें केलीं. ती सांखळी चालली, कारण प्रत्येक कडीला पुढची कडी ठाऊक होती आणि तिच्यावर भरंवसा होता.

नव्या साधनाचेंही बळ तेंच आहे आणि उणीवही तीच. शेजाऱ्याच्या फोनांत तें साधन नसेल, तर आपल्या फोनांत असून उपयोग नाहीं. मैलभर पसरलेलें पाणी ब्लूटूथला ओलांडवत नाहीं. तेथें फोन घेऊन जाणारा नावाडीच टपालवाला होतो. त्याहून लांब पल्ल्यासाठीं ‘लोरा’ नांवाचीं लहान यंत्रें मिळतात. उंच टाकीवरून वा टेंकडीवरून तीं कांहीं किलोमीटरपर्यंत त्रोटक मजकूर पोहोंचवितात. त्यांच्यासाठीं आपल्या देशांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यावांचून खुला आहे. हॅम रेडिओला मात्र परीक्षा व परवाना लागतो; केरळांतील २०१८ च्या पुरांत त्या हौशी मंडळींनीं मोलाचें साहाय्य केलें.

दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली कायद्याची: केंद्र सरकारनें २०२३ सालीं ‘ब्रायर’ धरून १४ निरोप-साधनांवर बंदी घातली, अतिरेकी त्यांचा उपयोग करतात असें कारण देण्यांत आलें. यास्तव कोणतेंही साधन घेण्यापूर्वीं तें अनुज्ञेय आहे कीं नाहीं हें पाहावें. दुसरी गुप्ततेची: ‘ब्रिजफाय’मधील निरोप तिऱ्हाइतास वाचतां येतात, असें २०२० सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. म्हणून अशा मार्गानें संकटाची वार्ता पाठवावी. पैशाअडक्याचे व्यवहार पाठवूं नयेत.

आतां कर्तव्य. मृग निघण्यापूर्वीं आपण छपराचीं कौलें चाळतों, सरपण कोरडें ठेवतों. त्याच सुमारास घरांतील सर्व फोनांत एकच साधन घालून घ्यावें, कारण इंटरनेट गेल्यावर तें उतरवून घेतां येणार नाहीं. एक दिवस मनोऱ्याशीं असलेला संबंध बंद करून मागील दारापासून चावडीपर्यंत निरोप जातो कीं नाहीं, याची तालीम करावी. हें काम घरांतील मुलामुलींकडे सोंपवावें व वडील मंडळींनीं त्यांचे शिष्य व्हावें. यांत कमीपणा नाहीं. निरोपांत नांव, ठिकाण, माणसांची संख्या, गरज आणि वेळ हीं पांच अंगें असावींत. पुरांत धरण फुटल्याची आवई उठावयास वेळ लागत नाहीं. ज्या निरोपावर नांव व वेळ नाहीं तो पुढें ढकलूं नये.

सर्वांत महत्त्वाचें असें कीं, ही तालीम आपल्या वाड्याच्या उंबऱ्याशीं थांबतां कामा नये. नदीकांठच्या खालच्या वस्तीवर पाणी आधीं चढतें. पहिली हांक तेथूनच येणार. ती आपल्यापर्यंत पोहोंचावयाची, तर मधल्या प्रत्येक घराशीं आपलें बोलणें आजच असलें पाहिजे.