मातीचे ऋण

ग्वाल्हेर म्हटले की मराठी मनाला शिंद्यांचे राज्य, तेथील किल्ला आणि ख्यालगायकीचे घराणे आठवते. त्याच ग्वाल्हेरात 2008 साली स्थापन झालेल्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाकडे विज्ञानाचाही एक मोठा वारसा आला आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. या विद्यापीठाच्या कक्षेतील इंदूरचे कृषी महाविद्यालय हे 1924 साली होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेचे वारसदार होय.

संस्थेचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. पुसा येथे गव्हाच्या नव्या जाती निर्माण करून नावलौकिक मिळवलेला हा शास्त्रज्ञ परक्या सरकारचा नोकर खरा; पण इथल्या शेतकऱ्याला अडाणी न मानता त्याला गुरू मानण्याचा मोठेपणा त्याच्यापाशी होता. संस्थेचे मुख्य पीक कापूस. परंतु रोपाचा विचार मातीपासून तोडून करता येत नाही, अशी हॉवर्ड यांची धारणा होती. मजुराला वेळेवर मजुरी व पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे, हाही तेथील शिस्तीचाच भाग होता.

याच आवारात ‘इंदूर पद्धत’ सिद्ध झाली. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा यांत शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख मिसळायची, ओलावा राखायचा, तीनदा ढीग उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार! या कामात हॉवर्ड यांचे सहकारी होते यशवंत वाड. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. 1935 साली गांधीजींनी इंदुरात येऊन हे काम पाहिले. पुढे जगभर रुजलेल्या सेंद्रिय शेतीच्या विचाराचे एक मूळ येथे आहे.

अशा भूमीची आजची किंमत कशी ठरवायची? 2022 साली महाविद्यालयाची जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या हालचालींविरुद्ध विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. वाढत्या शहराच्या मध्यभागी असलेले शेत नियोजनकारांना मोकळी जागा वाटते. पण वर्षानुवर्षे ज्या मातीच्या नोंदी ठेवल्या, ती प्रयोगशाळाच असते. इमारत दुसरीकडे बांधता येते. मातीचा इतिहास हलवता येत नाही.

आम्हा किनारपट्टीच्या लोकांनाही यात बोध आहे. मुसळधार पाऊस आमच्या जांभ्या मातीचा कस दरवर्षी धुऊन नेतो, आणि तो परत देणारा पाचोळा मात्र आम्ही परसात पेटवून देतो. ग्वाल्हेरच्या विद्यापीठाने आपली जमीन राखावी, तिच्यामागे सरकारने उभे राहावे. आणि आम्ही निदान आपल्या कुळागरातील पाल्याला काडी लावण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. मातीचे ऋण फेडायचे ते मातीतच.